हा आकडा कोणाच्या निर्णयासाठी? ग्रास्कॅम्प यांच्याकडून शिकण्यासारखे

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे स्थापत्य अभियंता आहेत आणि 'लँड अँड बिल्डिंग' वर्गाच्या नोंदणीकृत मूल्यांकक (व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेचे मूल्य ठरवणारा) परीक्षेची तयारी करत आहेत. वाचताना जेम्स ग्रास्कॅम्प हे नाव एका ओळीत आले आणि गेले. अमेरिकेतले जुने व्हॅल्युअर त्यांना गुरू का मानतात, आणि त्यांच्या पद्धतीतले आपल्याकडच्या कामात काय चालेल?

परीक्षेपुरते उत्तर आधी देतो. बाजार (तशाच मालमत्तांचे व्यवहार), उत्पन्न (भाड्याची कमाई) आणि खर्च (जमीन अधिक बांधकाम) या तीन पद्धती, त्यांच्या व्याख्या आणि त्यांची गणिते पक्की करा. ग्रास्कॅम्प यांच्यावर गुण मिळणार नाहीत. त्यांचा उपयोग नोंदणी झाल्यानंतर सुरू होतो, पहिला अहवाल सही करून देताना.

जेम्स ए. ग्रास्कॅम्प १९३३ साली मिलवॉकीत जन्मले. शाळा संपत असताना, वयाच्या सतराव्या वर्षी, पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. पुढचे सगळे आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. रोजच्या साध्या हालचालींनाही मदतनीस लागत. फ्लोरिडातल्या रोलिन्स कॉलेजातून १९५५ साली पदवी, मार्क्वेट विद्यापीठातून १९५७ साली एमबीए, आणि १९६४ साली मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातून डॉक्टरेट. डॉक्टरेटचे विषय होते जोखीम व्यवस्थापन आणि नागरी भूमी अर्थशास्त्र. ही जोडी ध्यानात ठेवा, कारण त्यांच्या मूल्यांकनातला 'आकडा चुकू शकतो, किती चुकू शकतो ते सांगा' हा आग्रह तिथूनच आलेला दिसतो. पुढे त्याच विद्यापीठात त्यांनी रिअल इस्टेट विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि २२ एप्रिल १९८८ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते गेले तोवर तेच त्या विभागाचे प्रमुख होते. विद्यार्थी त्यांना 'चीफ' म्हणत. विद्यापीठातले रिअल इस्टेट केंद्र आज त्यांच्याच नावाने चालते. शिकवण्याच्या जोडीला लँडमार्क रिसर्च ही त्यांची सल्लागार संस्था होती. म्हणजे वर्गात सांगितलेली पद्धत बाहेर, पैसे देणाऱ्या अशिलासमोर, रोज तपासली जात होती. नुसते प्राध्यापक आणि नुसते व्हॅल्युअर यांच्यात जी दरी असते, ती त्यांच्याबाबतीत नव्हती.

विचारांचे घराणेही सांगायला हवे, कारण ही पद्धत एकट्याची नाही. विस्कॉन्सिनमध्ये भूमी अर्थशास्त्राचा पाया रिचर्ड टी. ईली यांनी घातला. त्यानंतर रिचर्ड रॅटक्लिफ यांनी व्हॅल्युअरांच्या धंद्याला न रुचणारी गोष्ट मांडली: मालमत्तेत 'खरे मूल्य' नावाचे काही दडलेले नसते की जे खणून काढायचे. व्हॅल्युअर भाकीत करतो. अमुक परिस्थितीत ही मालमत्ता विकायला काढली तर कितीला जाईल, याचे भाकीत. ग्रास्कॅम्प यांनी त्या विचाराला कामाच्या पायऱ्या दिल्या, नमुने दिले, तक्ते दिले. १९७७ साली मॅडिसनच्या कॅपिटॉल चौकालगतच्या '२५ नॉर्थ पिंकनी' या इमारतीचे एक संपूर्ण प्रात्यक्षिक मूल्यांकन त्यांनी प्रसिद्ध केले, ते याचसाठी.

आता पायऱ्या.

पहिली पायरी मोजमापाची नाही, प्रश्नाची आहे. कोणता निर्णय अडला आहे? बँकेला तारण घ्यायचे आहे, भावांत वाटणी आहे, भूसंपादनाचा मोबदला वाढवून मागायचा आहे, की विकासकाला भूखंड घ्यायचा आहे? चौघांना एकच आकडा देणे म्हणजे चौघांपैकी तिघांना चुकीचे उत्तर देणे. बँकेला हवे असते ते कर्ज थकल्यावर सहा-आठ महिन्यांत काय हाती येईल ते. वाटणीत हवा असतो तो भावाभावांतला समतोल. म्हणून मूल्याची व्याख्या कोणती वापरायची हे या पायरीवर ठरते, अहवालाच्या शेवटच्या पानावर छापील मजकूर डकवून नव्हे.

दुसरी पायरी मालमत्तेची अंगे तपासण्याची. ग्रास्कॅम्प यांनी ती वेगवेगळी मांडली. भौतिक: आकार, उतार, माती, बांधकामाची स्थिती. कायदेशीर आणि राजकीय: आपल्याकडे सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड, झोन दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, आणि डीपीतला (विकास आराखड्यातला) रस्ता प्लॉटमधून जातो का. लिंकेज, म्हणजे या जागेचे इतर जागांशी असलेले नाते: इथे राहणारा किंवा धंदा करणारा माणूस रोज कुठे जातो, त्याच्याकडे कोण येते, येण्याजाण्याला किती वेळ आणि पैसा लागतो. पर्यावरण: या जागेवर काही केले तर नाला, शेजार आणि वाहतूक यांवर काय परिणाम होईल. आणि शेवटचे, ज्याला ते गतिशील अंग म्हणत: लोकांच्या मनात ही जागा कशी आहे. शेजारची स्मशानभूमी, रात्री अंधार असलेला बोळ, 'तिकडे पाणी तुंबते' ही ख्याती. नकाशावर यातले काहीच दिसत नाही आणि किमतीत सगळे दिसते. आपल्या छापील फॉर्मात या अंगाला रकानाच नाही, 'शेरा' या चौकटीत काय मावेल ते. जागेवर एकदा दिवसा आणि एकदा रात्री जायचे, ते या अंगासाठी.

तिसरी पायरी वापराची. पुस्तकात 'हायेस्ट अँड बेस्ट यूज' येते. ग्रास्कॅम्प 'सर्वाधिक संभाव्य वापर' म्हणत. फरक शब्दांचा वाटतो, पण तसा नाही. सर्वोत्तम वापर कागदावर ठरतो. संभाव्य वापर ठरवताना परवानगी मिळेल का, पैसा कोण घालेल, त्या भागात तेवढी मागणी आहे का आणि शेजारी कोर्टात जातील का, हे सगळे धरावे लागते. तीन-चार पर्याय मांडायचे, प्रत्येकाची व्यवहार्यता तपासायची आणि क्रम लावायचा.

चौथी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते: सर्वाधिक संभाव्य खरेदीदार कोण? 'इच्छुक खरेदीदार' नावाचा कोणी अमूर्त सद्गृहस्थ बाजारात फिरत नसतो. पुण्याच्या पेठेतला पागडीचे भाडेकरू असलेला वाडा घ्या. भिंतींची किंमत वजा घसारा, अधिक जमिनीचा रेडीरेकनर (सरकारी दरपत्रकातला) दर, असा हिशेब करून दिलेले अहवाल भरपूर दिसतात. पण तो वाडा घेणार कोण? राहायला घेणारा कोणी नाही. भाड्यासाठी घेणाराही नाही, कारण भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडे नगण्य. उरतो तो छोटा विकासक किंवा शेजारचा मालक. विकासक काय करतो? मिळणारे एकूण बांधकाम क्षेत्र काढतो, त्यातून भाडेकरूंना द्यायचे क्षेत्र वजा करतो, उरलेल्या विक्रीयोग्य क्षेत्राचे पैसे मांडतो. मग संपूर्ण बांधकामाचा खर्च (भाडेकरूंच्या घरांचासुद्धा), त्यांचे पर्यायी जागेचे भाडे, महापालिकेचे शुल्क आणि प्रीमियम, व्याज आणि स्वतःचा नफा वजा करतो. जे उरेल ते मालकाला. एक भाडेकरू अडून बसला तर दोन वर्षांचे व्याज वाढते, हेही तो धरतो. त्याच्या डोक्यातला हा हिशेब आपण केला नाही, तर आपला आकडा भिंतींचा असतो, वाड्याचा नसतो.

त्यानंतर पद्धतीची निवड येते, आणि इथे ग्रास्कॅम्प रूढ वाटेपासून फारकत घेतात. तिन्ही पद्धतींनी आकडे काढून त्यांचा मेळ घालणे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा क्रम असा: अशाच खरेदीदारांनी अशाच मालमत्तांना काय दिले याचे पुरेसे व्यवहार असतील तर त्यावरून अनुमान काढा. नसतील तर त्या खरेदीदाराचा हिशेब त्याच्या जागी बसून करा, वर वाड्याचा केला तसा. तेही जमत नसेल तरच 'शहाण्या खरेदीदाराने काय द्यायला हवे' या आदर्श हिशेबाकडे वळा; खर्चाची पद्धत त्यात येते. तीन आकडे काढून सरासरी घेणे म्हणजे एका चांगल्या पुराव्यात दोन कच्चे पुरावे मिसळून तो पातळ करणे. आपल्या बँकांच्या नमुन्यात तिन्ही मथळे असतात, ते भरा. पण कोणत्याला किती वजन दिले आणि का, हे स्वच्छ लिहा.

तुलनीय व्यवहारांसाठी त्यांचा गुणांकनाचा तक्ता आजही कामाचा आहे. गुण ५, ३ आणि १ असेच द्यायचे: चांगले, साधारण, कमी. मधले बारीक गुण नाहीत, कारण तेवढी अचूकता आपल्या निरीक्षणात नसते. समजा रस्त्यालगतचे एक दुकान आहे. दर्शनी रुंदीला वजन ३० टक्के, पार्किंगला २५, स्थितीला २०, पोहोचीला २५. आपल्या दुकानाचे गुण अनुक्रमे ३, ५, ३, ३. वजन लावून ३.५. चार व्यवहार मिळाले: पहिला ५, ३, ३, ५ म्हणजे ४.१, दर १६,६०० रुपये चौरस फूट. दुसरा सर्वत्र ३ म्हणजे ३.०, दर १२,०००; तिसरा १, ५, ३, ३ म्हणजे २.९, दर ११,९००. चौथा ३, ५, ५, ५ म्हणजे ४.४, दर १७,३००. दराला गुणांनी भागले की दरगुण किंमत मिळते: ४,०४९, ४,०००, ४,१०३ आणि ३,९३२. सरासरी ४,०२१, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) सुमारे ७३. आपल्या दुकानासाठी ४,०२१ गुणिले ३.५ म्हणजे साधारण १४,०७५ रुपये, आणि एका विचलनाचा पट्टा १३,८०० ते १४,३०० च्या आसपास. आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत.

यात फसण्याची जागा कुठे, तेही पाहा. वजने बदलत बदलत विचलन लहान करता येते आणि तसे करून पाहणे योग्यही आहे, कारण बाजार कशाला पैसे देतो ते त्यातून कळते. पण व्यवहार चार आणि गुणधर्मही चार असतील तर काहीही जुळवून आणता येते. तो पट्टा अरुंद दिसतो, पण खरा नसतो. गुणधर्म तीन-चारच ठेवा, व्यवहार त्याच्या दुप्पट तरी मिळवा. दुसरा घोळ क्षेत्राचा. इंडेक्स टू वर (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर) एका दस्तात कार्पेट (भिंतींच्या आतले क्षेत्र), दुसऱ्यात बिल्टअप (भिंती धरून). रेरा (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आल्यापासून नव्या प्रकल्पांत कार्पेट सक्तीचे झाले, जुन्या दस्तांत सगळी खिचडी आहे. आधी सगळे एका मापावर आणा. तिसरा घोळ सर्वांना माहीत आहे: दस्तातला मोबदला आणि प्रत्यक्ष मोबदला यांतले अंतर. दस्तातली रक्कम नेमकी रेडीरेकनरच्या आकड्यावर टेकलेली असेल तर तो व्यवहार पुरावा म्हणून अशक्त समजा. रेडीरेकनर मुद्रांक शुल्काचा किमान पाया ठरवण्यासाठी आहे. तो बाजार नव्हे.

ग्रास्कॅम्प यांचे सर्वांत गाजलेले हत्यार म्हणजे पुढचे दार आणि मागचे दार. व्यवहार्यता तपासायचे दोन मार्ग.

पुढच्या दाराने आत जाताना खर्चापासून सुरुवात. समजा भाड्याने द्यायची कार्यालयीन इमारत, भाडेयोग्य क्षेत्र १०,००० चौरस फूट, जमिनीसह सर्व खर्च १० कोटी. ६ कोटी कर्ज, दहा टक्के, पंधरा वर्षे, मासिक हप्ता. वर्षाचे हप्ते कर्जाच्या १२.९ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे ७७.४ लाख. स्वतःचे ४ कोटी, त्यावर दहा टक्के परतावा हवा, ४० लाख. निव्वळ उत्पन्न हवे ११७.४ लाख. मालमत्ता कर, देखभाल, विमा २० लाख धरले तर १३७.४ लाख. जागा ८ टक्के रिकामी राहते असे धरून ०.९२ ने भागा: १४९.३ लाख. म्हणजे दर चौरस फुटाला महिना सुमारे १२४ रुपये भाडे आले पाहिजे.

आता मागचे दार. इथे सुरुवात बाजारातल्या भाड्यापासून. बाजार ९० रुपये देतो. वर्षाला १०८ लाख, ८ टक्के वजा जाता ९९.४, खर्च वजा जाता निव्वळ ७९.४ लाख. बँक निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या १.३ पट मागते. म्हणून हप्ता ६१ लाख, त्यात बसणारे कर्ज ४.७३ कोटी. मालकाला उरतात १८.३ लाख, दहा टक्क्यांनी १.८३ कोटी. एकूण परवडणारी गुंतवणूक ६.५६ कोटी. बांधकाम आणि इतर खर्च साडेपाच कोटी असेल तर जमिनीला एक कोटीच्या थोडेच वर देता येते, मालक काहीही मागो. दोन दारांतले अंतर सुमारे साडेतीन कोटींचे. ते कुठून भरून निघणार हे सांगता आले नाही तर प्रकल्प थांबवायचा.

हे गणित जसेच्या तसे निवासी फ्लॅटला लावू नका. आपल्या शहरांत घरभाड्याचा परतावा बहुधा फार कमी असतो; हप्ता त्यातून फिटत नाही आणि खरेदीदारालाही ते माहीत असते. तो किंमतवाढीवर पैज लावतो, किंवा राहायला घर घेतो. तिथे भाड्याच्या जागी विक्रीची किंमत आणि विक्रीला लागणारा काळ येतो. दारे तीच, किल्ली वेगळी.

काळाचा हा मुद्दा त्यांच्या विचाराच्या मुळाशी आहे. मालमत्ता म्हणजे जागा आणि काळ यांचा गुणाकार, असे ते मांडत: भाड्याचा फ्लॅट महिन्याने विकला जातो, हॉटेलची खोली रात्रीने, टेनिसचे कोर्ट तासाने. आपल्याकडचे मंगल कार्यालय हे याचे उत्तम उदाहरण. चौरस फुटावर त्याचे मूल्य काढणारा फसतो. तिथे पंचांग उघडून विवाहाचे मुहूर्त मोजायचे, चातुर्मासातले रिकामे महिने धरायचे, मुंजी, वाढदिवस आणि प्रदर्शने किती दिवस भरतात ते पाहायचे, आणि मग दिवसाच्या दराने गुणायचे.

याच्याच जोडीला त्यांनी तीन घटक मांडले: जागा वापरणारे, जागा निर्माण करणारे, आणि रस्ते, पाणी, शाळा पुरवणारी सार्वजनिक यंत्रणा. तिघांचाही पैशाचा प्रवाह चालू राहिला पाहिजे. एकाचा नफा दुसऱ्याच्या दिवाळखोरीवर उभा असेल तर तो टिकत नाही. टँकरवर चालणाऱ्या नव्या वसाहतीत फ्लॅटचे मूल्यांकन करताना हे आठवले की पाण्याचा मासिक खर्च आपोआप किमतीत उतरतो. हा उपदेश नाही, हिशेबच आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एवढेच: काम खऱ्या मालमत्तेवर, खऱ्या प्रश्नावर. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी सूत्रांपेक्षा प्रश्न विचारायला शिकले. हाताखाली कनिष्ठ ठेवणाऱ्यांनी यातून उचलावे असे एक: त्याला आधी मोजपट्टी देऊ नका. अशिलाचा प्रश्न एका वाक्यात लिहायला सांगा, मग संभाव्य खरेदीदाराचे वर्णन पाच ओळींत. ते बरोबर आल्यावरच जागेवर पाठवा.

त्यांच्या पद्धतीला मर्यादा आहेत. वेळ फार लागतो; बँकेच्या ठरीव शुल्कात एवढे काम बसत नाही. संभाव्य खरेदीदार चुकीचा धरला तर पुढचे सगळे चुकते, आणि ते तार्किक दिसत असल्याने चूक पटकन सापडत नाही. न्यायालये आणि बँका एकच आकडा मागतात, पट्टा नव्हे; तेव्हा मध्यवर्ती आकडा द्या आणि पट्टा अहवालात ठेवा. मात्र त्यांच्या घराण्याचा मुख्य मुद्दा अमेरिकेत रुजला. बचत-कर्ज संस्थांच्या पडझडीनंतर १९८९ साली आलेल्या केंद्रीय कायद्याखालच्या नियमांत बाजारमूल्याची व्याख्या 'सर्वाधिक संभाव्य किंमत' अशीच आहे, 'सर्वोच्च किंमत' अशी नाही. आपण वापरतो त्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांतही शब्द 'अंदाजित रक्कम' असा आहे. म्हणजे भाकीतच.

भाकीत आहे म्हटल्यावर ते तपासताही येते, आणि हे तुम्ही पहिल्या अहवालापासून सुरू करू शकता. एक वही ठेवा: तारीख, मालमत्तेचा प्रकार, धरलेला खरेदीदार, मध्यवर्ती आकडा, पट्टा. मालमत्ता पुढे विकली गेली की शेजारी प्रत्यक्ष रक्कम आणि खरा खरेदीदार कोण निघाला ते लिहा. पन्नास नोंदी झाल्या की चूक एकाच दिशेने होते का ते पाहा. दुकानांना सातत्याने जास्त आणि जुन्या इमारतींना कमी सांगितले जात असेल, तर वर दिलेल्या तक्त्यातली वजने बदलायची वेळ आलेली असते.